वृत्तलेखनातील अवतरण आणि अवतरणचिन्हे : प्रस्तावना

बातमीदाराने डोळ्यांनी पाहिलेल्या घटनांपेक्षा त्याने कानांनी ऐकलेले बोलणेच दैनिकाच्या पानांवर अधिक जागा व्यापते. सभेतील भाषण, पत्रकार परिषदेतील उत्तर, न्यायालयातील साक्ष, विधिमंडळातील निवेदन, पोलीस ठाण्यात मिळालेली माहिती आणि दुर्घटनेच्या ठिकाणी जमलेल्या लोकांचे सांगणे हे सगळे मुळात दुसऱ्याचे शब्द असतात, आणि ते वाचकापर्यंत पोहोचवताना बातमीदाराला वाक्यागणिक ठरवावे लागते, की हे बोलणे जसेच्या तसे द्यायचे, की त्याचा आशय आपल्या शब्दांत सांगायचा. बोलणाऱ्याचे शब्द त्यांचा क्रम आणि रूप न बदलता देणे म्हणजे अवतरण, आणि आशय राखून शब्दरचना बातमीदाराने करणे म्हणजे सारकथन, असा भेद या विवेचनात सर्वत्र पाळला आहे. या दोहोंमधील सीमा वाचकाला दिसते ती केवळ अवतरणचिन्हामुळे. आणि मराठी वृत्तलेखनात हे चिन्ह इंग्रजीतल्यापेक्षाही अधिक जपून वापरले पाहिजे, कारण मराठीचे व्याकरण ही सीमा स्वतः होऊन आखून देत नाही, हे येथील मुख्य प्रतिपादन आहे.

हे प्रतिपादन एका साध्या वाक्यावरून पडताळून पाहता येईल. ‘मंत्री म्हणाले की मी राजीनामा देणार नाही’ हे वाक्य मराठीत पूर्णपणे स्वाभाविक आहे आणि त्यातील ‘मी’ म्हणजे मंत्री हे कोणत्याही मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. इंग्रजीत हेच बोलणे अप्रत्यक्षपणे सांगायचे झाले तर सर्वनाम बदलते, बहुधा काळही बदलतो, आणि त्या बदलांवरूनच वाचक ओळखतो की हे शब्द आता वार्ताहराच्या वाक्यात मुरलेले आहेत. मराठीत मात्र सर्वनाम आणि काळ दोन्ही बोलणाऱ्याचेच राहू शकतात, त्यामुळे वरील वाक्यातील शब्द मंत्र्यांनी नेमके तसेच उच्चारले, की तासाभराच्या बोलण्यातून बातमीदाराने काढलेले ते तात्पर्य आहे, हे त्या वाक्याच्या रचनेवरून सांगता येत नाही. वृत्तपत्री मराठीने या अडचणीवर दोन उपाय शोधले. एक म्हणजे ‘मी’ऐवजी ‘आपण’ घालणे, जसे ‘आपण राजीनामा देणार नाही, असे मंत्र्यांनी सांगितले’. दुसरा म्हणजे क्रियापदाला धातुसाधित रूप देऊन संपूर्ण बोलणे एका नामपदात बांधणे, जसे ‘राजीनामा देणार नसल्याचे मंत्र्यांनी सांगितले’. दुसरी रचना निःसंदिग्ध आहे, ती सारकथनच आहे आणि तीत अवतरणाचा भास होत नाही. पहिली मात्र तितकी निर्दोष नाही, कारण ‘आपण’ हे सर्वनाम बोलणाऱ्याचे स्वतःचे, ऐकणाऱ्यासह सर्वांचे आणि आदरार्थी समोरच्याचे असे तिन्ही अर्थ वागवते. ‘आपण हा लढा जिंकू, असे त्यांनी सांगितले’ या वाक्यात लढा जिंकणारा पुढारी एकटा आहे, की समोर बसलेला सारा समुदाय, हे सभेला हजर नसलेल्या वाचकाला कळण्याचा मार्ग उरत नाही. अशा जागी मूळ शब्द अवतरणचिन्हांत देणे, किंवा कर्ता स्पष्ट करून वाक्य नव्याने बांधणे, एवढेच दोन प्रामाणिक पर्याय असतात.

जुन्या मराठी गद्यात अवतरणचिन्हे नव्हती, म्हणून दुसऱ्याच्या शब्दांविषयी काटेकोरपणाही नव्हता असे समजणे चुकीचे ठरेल. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या लीळाचरित्रात चक्रधरस्वामींचे आणि त्यांच्या अनुयायांचे संवाद ‘म्हणणे’ या क्रियापदाच्या रूपांवरच उभे आहेत. तरीही ज्यांनी प्रसंग पाहिले-ऐकले त्या व्यक्ती गाठून, त्यांच्याकडून लीळा मिळवून आणि नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेऊन हे संकलन झाले, आणि एकाच प्रसंगाचे निराळे सांगणे आढळले तर ते ‘वासना’ म्हणून, अनेकदा सांगणाऱ्याच्या नावासह, नोंदवून ठेवण्याची प्रथा महानुभाव परंपरेने पाळली. कोणी सांगितले आणि कोणाच्या सांगण्यात काय फरक पडला याची ही नोंद म्हणजे आज ज्याला स्रोतनिर्देश म्हणतात तोच होय. पुढे मोडी पत्रव्यवहारात आणि बखरींतही शब्द न तोडता, विरामचिन्हांवाचून मजकूर सलग चाले आणि बोलणे कोठे संपले हे ‘ऐसे’, ‘म्हणून’, ‘म्हणोन’ यांसारख्या शब्दांनी कळे. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ मुंबईत निघाले तेव्हा त्याच्या पानांवर मराठी आणि इंग्रजी असे दोन स्तंभ शेजारी-शेजारी आले. इंग्रजी धर्तीची विरामचिन्हे मराठीत रुजवण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते त्या मेजर थॉमस कँडी यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही पुस्तिका त्यानंतर अठरा वर्षांनी, १८५० मध्ये, प्रसिद्ध झाली. मराठी वृत्तपत्र हे मराठी विरामचिन्हांच्या शास्त्रापेक्षा वयाने मोठे आहे, ही गोष्ट अभ्यासकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. चिन्हांचे नियम छापखान्यात आले तेव्हा बातमी लिहिण्याच्या सवयी आधीच घडू लागल्या होत्या, आणि त्या सवयींत ‘असे’ आणि ‘की’ या दोन शब्दांवरचा भरवसा आजही टिकून आहे.

शालेय व्याकरणात दुहेरी अवतरणचिन्ह बोलणाऱ्याच्या तोंडच्या शब्दांसाठी आणि एकेरी अवतरणचिन्ह एखाद्या शब्दावर जोर देण्यासाठी किंवा दुसऱ्याचे मत अप्रत्यक्षपणे सांगण्यासाठी, अशी विभागणी शिकवली जाते. दैनिकांच्या प्रत्यक्ष व्यवहारात ती टिकलेली नाही. मथळ्यातील जागा वाचावी म्हणून तेथे एकेरी चिन्ह सर्रास वापरले जाते, अनेक ठिकाणी मजकुरातही तेच उतरते, आणि परिणामी एकाच चिन्हाला किमान चार कामे करावी लागतात: उच्चारलेले शब्द दाखवणे, ग्रंथाचे, चित्रपटाचे किंवा योजनेचे नाव वेगळे काढणे, अपरिचित संज्ञा प्रथम योजताना तिच्याकडे लक्ष वेधणे, आणि एखादा शब्द आपला नाही असे सुचवून त्यापासून अंतर राखणे. यांतील शेवटचे काम सर्वांत धोक्याचे आहे. एखाद्या मथळ्यात ‘घोटाळा’ हा शब्द एकेरी चिन्हांत आला, तर तो विरोधकांनी केलेला आरोप आहे, चौकशी समितीच्या अहवालातील शब्द आहे, की तथाकथित घोटाळा असे वृत्तपत्राला सुचवायचे आहे, हे मथळा वाचून उमगत नाही, आणि मथळ्यापलीकडे न वाचणाऱ्या मोठ्या वाचकवर्गाच्या मनात जो अर्थ बसतो तो योगायोगावर सोडला जातो. मथळ्यात आरोप द्यायचा असेल तर आरोप करणाऱ्याचा निर्देश त्याच मथळ्यात झाला पाहिजे; त्यासाठी दोन शब्दांची जागा काढणे अशक्य असेल, तर मथळाच बदलणे हिताचे. मजकुरात मात्र शालेय नियमच सोयीचा आहे: बोलणे दुहेरी चिन्हांत, आणि त्या बोलण्याच्या पोटात आणखी कोणाचे शब्द किंवा एखादे नाव आले तर ते एकेरी चिन्हांत.

चिन्हांच्या जागेविषयीचे प्रश्न त्या मानाने लहान आहेत, पण संपादकीय टेबलावर ते रोज उपस्थित होतात. अवतरण वाक्याच्या आरंभी येऊन पुढे ‘असे’ जोडले जाते तेव्हा स्वल्पविराम बंद होणाऱ्या चिन्हाच्या आत घालण्याची रीत रूढ आहे. अवतरण प्रश्नार्थक किंवा उद्गारार्थी असेल तर त्याचे स्वतःचे चिन्ह आत येते आणि मग वेगळ्या स्वल्पविरामाची गरज राहत नाही. अवतरण म्हणजे एक-दोन शब्दांचा तुकडा असेल, तर वाक्याचा पूर्णविराम चिन्हाच्या बाहेर ठेवणे तर्कशुद्ध आहे, कारण तो पूर्णविराम बातमीदाराच्या वाक्याचा असतो. ‘की’च्या आधी स्वल्पविराम द्यावा, की ‘की’नंतर, याबाबत मराठी वृत्तपत्रांत दोन रीती आहेत आणि दोन्ही चालण्याजोग्या आहेत, परंतु ‘की’ वापरून त्यापुढे पुन्हा अवतरणचिन्ह उघडण्याने अप्रत्यक्ष आणि प्रत्यक्ष कथनाची सरमिसळ होते, म्हणून ‘ते म्हणाले,’ एवढ्यावर थांबून चिन्ह उघडणे चांगले. अवतरण अनेक परिच्छेदांचे असेल, तर प्रत्येक परिच्छेदाच्या आरंभी चिन्ह उघडावे आणि केवळ शेवटच्या परिच्छेदाअखेर ते बंद करावे. गाळलेल्या मजकुराच्या जागी लोपचिन्ह, म्हणजे तीन टिंबे, आणि संपादकाने स्पष्टीकरणासाठी घातलेल्या शब्दाभोवती चौकोनी कंस, हे दोन संकेत ग्रंथलेखनात रूढ असले, तरी दैनिकांत चौकोनी कंस क्वचितच दिसतो आणि संपादकाचा शब्द बोलणाऱ्याच्या तोंडी जाऊन बसतो. यंत्राचाही येथे काही वाटा आहे. प्रमाणित इनस्क्रिप्ट कळफलकावर, इंग्रजीत अवतरणचिन्ह देणाऱ्या कळीवर ट आणि ठ ही अक्षरे बसलेली आहेत, त्यामुळे मराठी टंकलेखन करणाऱ्याला चिन्ह देण्यासाठी बहुधा कळफलक बदलावा लागतो. घाईच्या वेळी ते टाळले जाते, किंवा उघडलेले चिन्ह बंद करायचे राहून जाते, आणि बंद न झालेल्या चिन्हानंतरचा सगळा मजकूर वाचक त्या व्यक्तीच्या नावावर वाचत राहतो.

चिन्हांइतकेच लक्ष त्यांना जोडलेल्या क्रियापदाकडे दिले पाहिजे. ‘म्हणाले’ आणि ‘सांगितले’ ही दोन क्रियापदे निव्वळ नोंद करतात. ‘स्पष्ट केले’ म्हटले की सांगितलेली गोष्ट खरी होती आणि फक्त उलगडायची राहिली होती असे गृहीत धरले जाते. ‘दावा केला’ यात संशय येतो, ‘कबूल केले’ यात आधीचा लपवालपवीचा आरोप मान्य होतो, आणि ‘सुनावले’, ‘ठणकावले’, ‘टोला लगावला’ यांसारख्या क्रियापदांनी बातमीदार श्रोता न राहता सामन्याचा समालोचक होतो. शब्दांची पुनरुक्ती टाळण्याच्या हौसेपोटी ही क्रियापदे आलटूनपालटून वापरली जातात, आणि अवतरणातील एकही अक्षर न बदलता त्याचा अर्थ बदलतो. पोलिसांकडून आलेल्या बातमीत याचे गांभीर्य सर्वाधिक आहे. ‘आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली’ हे वाक्य मराठी दैनिकांत वरचेवर दिसते. वस्तुतः पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून ग्राह्य धरता येत नाही, हा जुन्या भारतीय पुरावा कायद्यातील दंडक २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कलम २३ मध्ये कायम आहे. बातमीदाराने ऐकलेले असते ते आरोपीचे बोलणे मुळीच नव्हे, तर आरोपी असे बोलला हे पोलिसांचे सांगणे. तेव्हा ‘आरोपीने कबुली दिल्याचे पोलिसांनी सांगितले’ असे लिहिणे हे त्या माणसाच्या न्याय्य सुनावणीच्या हक्काशी निगडित असलेले कर्तव्य आहे, आणि अशा वाक्यात आरोपीच्या तोंडी अवतरणचिन्हांतील शब्द घालणे सर्वथा गैर आहे.

दुसऱ्याचे शब्द छापल्याबद्दल वृत्तपत्राला जबाबदार धरण्याचा मराठीतील सर्वांत ठळक प्रसंग १८९७ चा आहे. त्या वर्षी १५ जूनच्या ‘केसरी’त पुण्याच्या शिवराज्याभिषेकोत्सवाचा वृत्तांत आला, त्यात प्रा. भानू यांनी अफझलखानाच्या वधाविषयी केलेले विवेचन, इतर वक्त्यांचे बोलणे आणि अध्यक्ष या नात्याने स्वतः टिळकांनी केलेले भाषण यांचा समावेश होता, आणि शिवाजी महाराजांच्या मुखी घातलेले ‘शिवाजीचे उद्गार’ हे पद्यही त्याच अंकात होते. २२ जूनला पुण्याचे प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि पुढे या मजकुरावरून राजद्रोहाचा खटला उभा राहिला. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यासमोर नऊ जणांच्या ज्यूरीने सहा विरुद्ध तीन मतांनी टिळकांना दोषी ठरवले आणि त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. वृत्तांत आणि पद्य, म्हणजे सभेत खरोखर बोललेले शब्द आणि कवीने एका ऐतिहासिक पुरुषाच्या मुखी घातलेले शब्द, हे दोन्ही अखेरीस संपादकाच्याच खात्यावर जमा झाले. परकीय सत्तेने राजकीय हेतूने चालवलेल्या त्या खटल्याचा निकाल वृत्तलेखनाचा नियम म्हणून स्वीकारण्याचे कारण नाही. तथापि छापलेल्या प्रत्येक शब्दाला छापणारा उत्तरदायी ठरू शकतो, ही वस्तुस्थिती स्वतंत्र भारतातही कायम आहे. बदनामीकारक विधान दुसऱ्याने केले आणि आपण ते केवळ उद्धृत केले, एवढाच बचाव भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली पुरेसा ठरत नाही; न्यायालयीन कामकाजाच्या आशयाने खऱ्या वृत्तांताला मात्र तेथे अपवाद आहे.

विधिमंडळाच्या वृत्तांताचा इतिहास याहून गुंतागुंतीचा आहे. संसदेच्या कामकाजाचा आशयाने खरा वृत्तांत देणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा फिरोज गांधी यांच्या प्रयत्नांनी १९५६ मध्ये झाला, आणीबाणीत तो रद्द करण्यात आला, १९७७ मध्ये पुन्हा आला, आणि १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३६१क घालून संसदेबरोबर राज्य विधिमंडळांच्या वृत्तांतालाही हे संरक्षण संविधानात नोंदवले गेले. तरीही अध्यक्षांनी कामकाजातून काढून टाकलेल्या शब्दांचा प्रश्न उरतोच. पाटण्याच्या ‘सर्चलाइट’ने बिहार विधानसभेतील असे वगळलेले बोलणे छापले तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये सभागृहाच्या विशेषाधिकाराचा पक्ष उचलून धरला. सभागृहात शेकडो लोकांनी ऐकलेला आणि आता थेट प्रक्षेपणात सर्वदूर गेलेला शब्द नोंदीत नसल्यामुळे छापायचा नाही, ही स्थिती अवतरणाच्या मूळ कल्पनेशीच विसंगत आहे. पण बातमीदाराने ती जाणूनच लेखणी चालवली पाहिजे.

बोलणाऱ्याचे शब्द किती सुधारावेत, या प्रश्नाला कायद्याने दिलेले उत्तर सैल आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये मॅसन विरुद्ध न्यू यॉर्कर मॅगझिन या खटल्यात असे ठरवले, की अवतरणचिन्हांतील शब्द हेतुतः बदलले एवढ्यावरून मजकूर जाणूनबुजून खोटा ठरत नाही. त्या बदलाने अर्थात महत्त्वाचा फरक पडलेला असला पाहिजे. नुकसानभरपाईचा दावा कोठे सुरू होतो हे सांगणारी ही रेषा आहे, चांगल्या वृत्तलेखनाची नव्हे. अडखळणे, ‘म्हणजे’ची पुनरावृत्ती, अर्धवट सोडून पुन्हा सुरू केलेले वाक्य एवढे गाळणे बहुतेक संपादक ग्राह्य मानतात आणि ते योग्यही आहे, त्यापुढे एक शब्दही बदलावासा वाटला, तर चिन्हे काढून सारकथन करावे.

या बाबतीत मराठी दैनिकांकडून सर्वांत मोठा अन्याय होतो तो बोलीभाषकांवर. वऱ्हाडातील एखादी शेतकरी स्त्री पाण्याविषयी विचारल्यावर “आमाले तीन कोसावून पानी आनाव लागते, बाप्पा,” असे म्हणते, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या छायाचित्राखाली दुहेरी चिन्हांत छापून येते, “तीव्र पाणीटंचाईमुळे आम्हा ग्रामस्थांना दूरवरून पाणी आणावे लागत आहे.” हे वाक्य खोटे नाही, तथापि ते तिचे नाही, तीन कोस हे तिने सांगितलेले अंतर त्यातून गेले, ‘टंचाई’ हा प्रशासनाचा शब्द आला, आणि ज्या स्त्रीने स्वतःचे हाल सांगितले ती निवेदन देणारी शिष्टमंडळातील प्रतिनिधी झाली. अहिराणी, मालवणी, झाडीबोली बोलणाऱ्यांच्या बाबतीत हेच घडते, आणि याच्या उलट बाजूने, पुढाऱ्याचे अशुद्ध वाक्य नीटनेटके करून छापणारे वृत्तपत्र एखाद्या गरिबाचे बोलणे मात्र गंमत म्हणून उच्चारानुसारी लेखनात छापते, तेव्हा तो अन्याय दुहेरी होतो. बोली कळण्याजोगी असेल तर तिचे शब्द ठेवावेत, कठीण शब्दाचा अर्थ चौकोनी कंसात द्यावा, आणि ते शक्य नसेल तेव्हा ‘तीन कोसांवरून पाणी आणावे लागत असल्याचे त्यांनी सांगितले’ असे लिहावे. दोन्ही रीतींत ती स्त्री आपल्याच शब्दांशी जोडलेली राहते.

भाषांतराचा प्रश्न याला लागूनच येतो. मुंबईतील हिंदी किंवा इंग्रजी पत्रकार परिषद, दिल्लीहून इंग्रजीत आलेले वृत्तसंस्थेचे वृत्त, गोव्यातील मराठी दैनिकांच्या बातमीदाराने ऐकलेले कोकणी बोलणे, हे सर्व मराठीत दुहेरी चिन्हांत उतरते तेव्हा वाचकासमोर असलेला एकही शब्द मूळ वक्त्याने उच्चारलेला नसतो. भाषांतरात काय पणाला लागते हे टिळकांवरील १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात दिसले. ‘केसरी’तील मराठी अग्रलेखांची जी इंग्रजी भाषांतरे सरकारपक्षाने न्यायालयापुढे ठेवली, त्यांतील शब्दाशब्दावर टिळकांनी आपल्या प्रदीर्घ बचावात आक्षेप घेतले, कारण मूळ शब्दाची छटा इंग्रजीत अधिक उग्र झाली की लेखाचा हेतूच बदलत होता. ज्यूरीतील बहुसंख्य सदस्य मराठी न जाणणारे असल्याने भाषांतर हेच त्यांच्यापुरते मूळ होते. आजच्या मराठी वाचकाची स्थिती परभाषेतील वक्तव्यांबाबत तशीच असते, म्हणून वक्ता कोणत्या भाषेत बोलला याचा उल्लेख बातमीत एकदा तरी यावा, आणि वादाचे मूळ एखाद्या शब्दात असेल तर तो मूळ शब्द देवनागरीत द्यावा.

पुढील प्रकरणांत हे प्रश्न एकेका वृत्तप्रकारानुसार घेतले आहेत: आधी सभा आणि पत्रकार परिषद, मग न्यायालय आणि पोलीस, नंतर विधिमंडळ, आणि अखेरीस मुलाखत. त्यांत आणि या प्रस्तावनेत उदाहरणादाखल आलेली मंत्र्यांची, आरोपीची, पुढाऱ्याची किंवा शेतकरी स्त्रीची वाक्ये विवेचनासाठी रचलेली आहेत; ती कोणाही प्रत्यक्ष व्यक्तीने उच्चारलेली नाहीत आणि कोणत्याही वृत्तपत्रातून घेतलेली नाहीत.